मॅक्रोफेज आले आणि अ‍ॅडिपोनेक्टिन उतरलं, पण जनुक 'बंद' कुणी केलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. एमएससीच्या प्रकल्पासाठी तुम्ही मानवी मेदपेशी, म्हणजे चरबी साठवणाऱ्या पेशी, कल्चरमध्ये (डिशमध्ये वाढवून) तयार केल्या. मॅक्रोफेज, म्हणजे घाण गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, एक दिवस ज्या मीडियममध्ये (पेशींच्या खाद्यद्रवात) ठेवले होते तेच मीडियम या मेदपेशींवर २४ तास ठेवलं आणि मग आरएनए, म्हणजे चालू जनुकांवरून निघणाऱ्या प्रती, मोजला. दाहाचा निरोप नेणारं आयएल-६ कित्येक पटींनी चढलं, मेदपेशीचं स्वतःचं संप्रेरक अ‍ॅडिपोनेक्टिन चौथाईवर आलं. गाईड म्हणतात, 'मॅक्रोफेजच्या सिग्नलमुळे एनएफ-कॅपा-बीने जनुक बंद केलं, असं लिहून टाक.' (एनएफ-कॅपा-बी म्हणजे दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन.) तुम्ही शोधलंत, तर अ‍ॅडिपोनेक्टिनच्या जनुकाजवळ एनएफ-कॅपा-बी येऊन बसल्याचा पुरावा काही मिळेना. मग बंद केलं कुणी? आणि हे सगळं डिशपुरतंच की माणसाच्या पोटावरच्या चरबीतही असंच घडतं?

शंका रास्त आहे. गाईडचंही अर्धं बरोबर आहे. अडचण 'बंद केलं' या शब्दांत आहे. मी बावीस वर्षं मेदपेशी वाढवतोय आणि माझं मत असं झालंय की या विषयातला निम्मा गोंधळ याच क्रियापदाने केलाय. तुमच्या हातात जो आकडा आहे त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत: सिग्नलने जनुकावर काय केलं, २४ तासांत त्याच्या मागोमाग आणखी काय काय घडलं, आणि तो आरएनए नक्की कुठल्या पेशींचा होता. या तीन गोष्टी सुट्या केल्याशिवाय उत्तर देता येत नाही, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या प्रयोगाच्या कृतीवर अवलंबून आहे. म्हणून थोडं लांबण लावतो.

पार्श्वभूमी पटकन उरकतो. १९९३ साली होटामिस्लिगिल आणि स्पीगलमन यांच्या गटाने दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन तयार होतं आणि ते निकामी केलं तर इन्सुलिन पुन्हा चांगलं काम करू लागतं. चरबी म्हणजे नुसतं कोठार, ही समजूत तिथून ढासळायला लागली. पण हे टीएनएफ बनवतं कोण? २००३ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी उत्तर दिलं: लठ्ठपणात चरबीत मॅक्रोफेज मोठ्या संख्येने येतात आणि टीएनएफ मुख्यतः त्यांच्याकडून येतं. २००५ मध्ये इटलीतल्या चिंती यांच्या गटाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर लठ्ठ उंदरांत आणि माणसांतही हे मॅक्रोफेज इकडेतिकडे विखुरलेले नव्हते. नव्वद टक्क्यांहून जास्त मॅक्रोफेज मेलेल्या किंवा मरू घातलेल्या मेदपेशीभोवती कडं करून बसले होते. मुकुटासारखी दिसते ती रचना. एकदा पाहिलीत की विसरणार नाही: मधे तेलाचा गोल थेंब आणि भोवती दाटीवाटीने गडद केंद्रकं. हा मुकुट लक्षात ठेवा, शेवटी त्याकडे परत येणार आहे.

आता मुख्य मुद्दा. मॅक्रोफेजच्या मीडियममध्ये टीएनएफ-अल्फा, आयएल-१ बीटा, आयएल-६ आणि इतर बरंच काही असतं. टीएनएफ मेदपेशीच्या रिसेप्टरवर बसलं की आत काय होतं ते तुम्हाला पाठ असेल. एनएफ-कॅपा-बी पेशीद्रवात आयकॅपाबी नावाच्या प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं. आयकेके हे एन्झाइम आयकॅपाबीवर फॉस्फेट लावतं, ते काही मिनिटांत तोडलं जातं, मोकळं झालेलं एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरतं आणि आयएल-६, आयएल-८, सीसीएल-२ अशा दाहाच्या जनुकांजवळ बसून त्यांचं काम वाढवतं. गंमत अशी की ते आयकॅपाबीचं जनुकही चालू करतं, म्हणजे स्वतःला पुन्हा धरून ठेवणारा रखवालदार स्वतःच बोलावतं. त्यामुळे हा सिग्नल एकसारखा जळत राहत नाही, चढतो आणि उतरतो. तुम्ही फक्त २४ तासांना पाहिलंत तर ही चढउतार तुम्हाला दिसणारच नाही.

इथपर्यंत सगळं वाढवण्याबद्दल झालं. मग अ‍ॅडिपोनेक्टिन कमी का झालं? एनएफ-कॅपा-बी मुळात जनुकं चालू करणारा घटक आहे. तो त्या जनुकाजवळ जाऊन बसलेलाही नाही. तुमचा सगळा प्रश्न इथेच आहे, आणि त्याचं मला पटलेलं उत्तर २०१५ साली डेन्मार्कमधल्या ओडेन्सेच्या विद्यापीठातून, सुसान मांड्रुप यांच्या गटाकडून आलं. तेही मानवी मेदपेशींवरच, एसजीबीएस नावाच्या. (या पेशी मूळ जर्मनीतल्या उल्मच्या. एका दुर्मिळ आजाराच्या बाळाच्या चरबीतून मिळालेल्या. प्रसिद्ध झाल्या २००१ मध्ये.)

त्यांनी काय दाखवलं ते समजायला अनंत चतुर्दशीचं पुणं डोळ्यांसमोर आणा. मिरवणुकीसाठी शहरभरच्या चौक्यांमधून पोलीस काढून लक्ष्मी रस्त्यावर उभे करतात. त्या दिवशी एखाद्या चौकात नेहमीचा हवालदार दिसला नाही, तर त्या चौकीला कुणी कुलूप लावलेलं नसतं. चौकी उघडी आहे, टेबल आहे, नोंदवही आहे, फक्त माणसं बंदोबस्ताला गेली आहेत. मेदपेशीच्या केंद्रकात मेडिएटर, सीबीपी यांसारखी मदतनीस प्रथिनं असतात आणि त्यांची संख्या मर्यादित असते. एरवी ती मेदपेशीची ओळख जपणाऱ्या जनुकांच्या एन्हान्सरवर, म्हणजे जनुकाचं काम वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवर, दाटीने बसलेली असतात. टीएनएफ आलं की एनएफ-कॅपा-बी दाहाच्या जनुकांजवळ बसतं आणि हे मदतनीस तिकडे ओढून घेतं. इकडची गर्दी ओसरते, जनुकाचं काम मंदावतं. मंदावलेल्या जागी एनएफ-कॅपा-बी स्वतः बसत नाही, पण ते नसेल तर हे मंदावणंही होत नाही. म्हणजे तुमच्या गाईडनी आरोपी बरोबर पकडलाय, गुन्हा चुकीचा नोंदवलाय.

यातला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे कुठली जनुकं जास्त मार खातात हा. बंदोबस्तासाठी माणसं काढताना ती जिथे भरपूर आहेत तिथूनच काढली जातात. दोन शिपायांच्या चौकीतून काढणार काय? पेशीतही ज्या जागांवर मदतनीसांची सर्वांत जास्त दाटी, ज्यांना सुपर-एन्हान्सर म्हणतात, तिथूनच ते सर्वांत जास्त हलतात. आणि सुपर-एन्हान्सर कुठल्या जनुकांपाशी असतात? जी त्या पेशीला तिची ओळख देतात त्यांच्यापाशी. त्यामुळे दाहाचा सिग्नल मेदपेशीची सगळीच जनुकं सारखी दाबत नाही, नेमका तिचा मेदपेशीपणा कमी करतो. तुमचं अ‍ॅडिपोनेक्टिन याच जातकुळीतलं. याच पद्धतीने इतर प्रकारच्या पेशींत टीएनएफने कुठली जनुकं दबतील याचा अंदाजही त्या गटाने बांधून दाखवला, म्हणून मी या स्पष्टीकरणावर जरा जास्त विश्वास ठेवतो. घडून गेल्यावर कारण जोडणं सोपं असतं, आधी सांगणं अवघड.

हे झालं पहिल्या काही तासांचं. तुमचं माप २४ तासांचं आहे आणि तोवर दुसरा अंक सुरू झालेला असतो. मेदपेशीचा कारभार पीपीएआर-गॅमा आणि सी-ईबीपी-अल्फा हे दोन नियंत्रक बघतात. टीएनएफच्या माऱ्याखाली यांचं स्वतःचं उत्पादनही घटतं. आधी चौकीतली माणसं गेली होती, आता ठाणेदारच गैरहजर. मग अ‍ॅडिपोनेक्टिन, ग्लुकोज आत आणणारं ग्लुट-४, तेलाच्या थेंबाभोवती कवच करणारं पेरिलिपिन, सगळीच एकामागून एक उतरतात. पेरिलिपिन उतरलं की तेलाचा साठा फुटायला लागतो आणि मेदाम्लं बाहेर पडतात. ती मेदाम्लं शेजारच्या मॅक्रोफेजना आणखी चिडवतात, असं एकत्र वाढवलेल्या पेशींत दिसलंय. तुमचा चौथाईवर आलेला आकडा या दोन्ही अंकांची बेरीज आहे. त्यातला किती पहिल्याचा आणि किती दुसऱ्याचा, हे २४ तासांच्या एका ठिपक्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.

आणखी एक फरक लिहिताना सांभाळा. मॅक्रोफेजचे सगळे परिणाम जनुकांमार्फत होत नाहीत. इन्सुलिनचा निरोप आत नेणाऱ्या आयआरएस-१ या प्रथिनावर जेएनके हे एन्झाइम सेरिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावतं आणि निरोप अडतो. हे मिनिटांत होतं, जनुकाला हातही लागत नाही. जाता जाता: उंदरातली सेरिन-३०७ ही जागा माणसात ३१२ क्रमांकावर येते. उंदरासाठी बनवलेली अँटिबॉडी मानवी पेशींवर वापरून 'काहीच दिसत नाही' म्हणणारे दोन विद्यार्थी मी पाहिलेत, त्यातला एक मी स्वतः.

बाकीच्या सिग्नलांबद्दल थोडक्यात. टी पेशींकडून येणारं इंटरफेरॉन-गॅमा वेगळ्या रस्त्याने, जॅक-स्टॅट-१ मार्गे जातं. मानवी मेदपेशीत ते इन्सुलिनचं काम आणि चरबी साठवणं दोन्ही कमी करतं. सीएक्ससीएल-१० हे जनुक एकदम चढलेलं दिसलं तर संशय त्याच्यावर घ्या. आयएल-६ हे स्टॅट-३ आणि मग सॉक्स-३ या प्रथिनांमार्गे जातं. आयएल-१ बीटा मात्र एनएफ-कॅपा-बीकडेच जातं, शिवाय आयआरएस-१ चं उत्पादनच कमी करतं. म्हणून मीडियममधलं टीएनएफ अँटिबॉडीने काढून टाकलं तरी परिणाम पूर्ण जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. आमच्याकडे कधीच पूर्ण गेला नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर असं: दाहाची जनुकं एनएफ-कॅपा-बीने थेट वाढवली, मेदपेशीच्या ओळखीची जनुकं आधी मदतनीस पळवल्याने आणि नंतर नियंत्रक घटल्याने उतरली. 'बंद' काहीच झालं नाही. आता तिसऱ्या गोष्टीकडे येतो, कारण व्हायव्हामध्ये तुम्हाला तिथेच धरतील.

तो आरएनए कुणाचा होता?

तुमची डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि प्रामाणिकपणे बघा. चांगल्या दिवशीसुद्धा चरबीच्या चमकदार थेंबांनी भरलेल्या पेशींच्या मधल्या जागेत लांबट, चपट्या, थेंब नसलेल्या पेशी दिसतील. त्या मेदपेशी झाल्याच नाहीत, पूर्वपेशीच राहिल्या. दात्यागणिक हे प्रमाण बदलतं. माझ्याकडे एकाच आठवड्यात आलेल्या दोन नमुन्यांपैकी एकात तीन चतुर्थांश डिश थेंबांनी चमकत होती आणि दुसऱ्यात जेमतेम तिसरा हिस्सा. कृती तीच, बाटल्या त्याच, हातही तेच. या पूर्वपेशी टीएनएफला फार जोरात प्रतिसाद देतात. म्हणजे तुमचं कित्येक पटींनी चढलेलं आयएल-६ कदाचित मेदपेशींचं नसेलच. हा नुसता माझा संशय नाही. १९९८ मध्ये सुसान फ्राइड आणि सहकाऱ्यांनी मानवी चरबीतून बाहेर पडणारं आयएल-६ मोजलं, तेव्हा त्यातला साधारण दहावा हिस्साच सुट्या केलेल्या मेदपेशींकडून येत होता. उरलेलं इतर पेशींचं. अ‍ॅडिपोनेक्टिनच्या बाबतीत ही भानगड नाही, ते मेदपेशीच बनवते. पण आयएल-६ आणि सीसीएल-२ च्या आकड्यांपुढे 'मानवी मेदपेशींत' असं लिहिताना हात आखडता घ्या. 'मेदपेशींच्या कल्चरमध्ये' एवढंच लिहा.

मग मेदपेशी वेगळ्या काढून का मोजत नाही, असं विचाराल. काढता येतात. मार्टिन रॉडबेल यांनी १९६४ मध्ये दाखवलेली पद्धत आजही तीच आहे (हे तेच रॉडबेल ज्यांना पुढे १९९४ चं नोबेल मिळालं, वेगळ्या कामासाठी). शस्त्रक्रियेतून आलेला चरबीचा तुकडा कात्रीने अगदी बारीक करायचा, कोलॅजिनेजमध्ये ३७ अंशांवर हलवत ठेवायचा, गाळायचा आणि हलकासा फिरवायचा. मेदपेशी तेलकट सायीसारख्या वर तरंगतात, बाकी सगळ्या पेशी खाली गोळा होतात. पाहायला सुरेख. पण २००३ मध्ये उंदरांच्या चरबीवर दाखवलं गेलं की ही वेगळं काढण्याची क्रियाच दाहाची जनुकं चढवते आणि मेदपेशीची जनुकं उतरवते. म्हणजे ज्याचा शोध घ्यायचा तेच आपण हाताने तयार करतो. म्हणून हल्ली बरेच गट गोठवलेल्या चरबीतून पेशींची फक्त केंद्रकं काढून एकेक केंद्रकाचा आरएनए वाचतात. मेदपेशी मोठी, तरंगणारी आणि सहज फुटणारी असल्यामुळे एकेक पेशी वाचणाऱ्या नेहमीच्या यंत्रात ती टिकत नाही. केंद्रक टिकतं. तुमच्या बजेटमध्ये हे बसणार नाही, पण चर्चेच्या प्रकरणात दोन ओळी लिहायला काही हरकत नाही.

आता माझी एक फजिती सांगतो, कारण तुमच्या डिशमध्येही तीच लपलेली असण्याची शक्यता आहे. पूर्वपेशींना मेदपेशी करायला आपण इन्सुलिन, डेक्सामेथासोन, आयबीएमएक्स आणि बहुतेकदा रोसिग्लिटाझोन घालतो. पहिल्या काही दिवसांनंतर डेक्सामेथासोन काढतात, पण पुष्कळ कृतींमध्ये कॉर्टिसॉल शेवटपर्यंत मीडियममध्ये राहतं. मी नवीन असताना तीन महिने टीएनएफ घालत होतो आणि आयएल-६ जेमतेम हलत होतं. टीएनएफची कुपी खराब म्हणून दुसरी मागवली. दुसरीही तशीच. कंपनीला एक रागाचं पत्रही लिहिलं, सुदैवाने पाठवलं नाही. एका संध्याकाळी मीडियम बनवताना बाटलीवरची माझीच चिठ्ठी वाचली आणि डोक्यात प्रकाश पडला. ही स्टेरॉइड्स आहेत! दाह दाबायला डॉक्टर जे देतात त्याच जातीची. एका हाताने आग लावत होतो आणि दुसऱ्या हाताने पाणी ओतत होतो. तेव्हापासून प्रयोगाआधी निदान एक दिवस पेशी स्टेरॉइड आणि रोसिग्लिटाझोन नसलेल्या साध्या मीडियमवर ठेवतो. तुमचं आयएल-६ चढलंय, म्हणजे परिस्थिती माझ्याइतकी वाईट नाही. पण किती चढलं हा आकडा मीडियममध्ये काय उरलं होतं त्यावर ठरतो, त्यामुळे दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी तुलना करताना आधी त्यांची कृती वाचा.

मॅक्रोफेजच्या मीडियमचंही तसंच. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या टीएचपी-१ पेशींना मॅक्रोफेज करायला तुम्ही पीएमए हे रसायन वापरलं असणार. ते नीट धुतलं नाही तर मीडियमबरोबर मेदपेशींवर जातं आणि स्वतःच सिग्नल देतं. तुमच्या पत्रात कंट्रोल (तुलनेचा नमुना) म्हणून 'ताजं मीडियम' लिहिलंय. ते पुरेसं नाही. मॅक्रोफेज एका दिवसात ग्लुकोज खातात, लॅक्टेट सोडतात, मीडियमचा रंग पिवळ्याकडे झुकतो. ताज्या मीडियमशी तुलना केली तर यातला उपासमारीचा भाग किती आणि सिग्नलचा किती हे कळत नाही. मॅक्रोफेज न झालेल्या मूळ टीएचपी-१ पेशींवर तितकाच वेळ ठेवलेलं मीडियम, आणि पेशी नसलेल्या पण पीएमए घालून धुतलेल्या फ्लास्कमधलं मीडियम, असे दोन कंट्रोल घ्या. मॅक्रोफेजचं मीडियम शंभर टक्के न वापरता ताज्यात मिसळून पाव भाग वापरलंत तर खाद्याचा प्रश्न बराच सुटतो. एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूंच्या विषारी अंशाची, चाचणीही करा. मेदपेशींवर तो ओळखणारा टीएलआर-४ हा रिसेप्टर असतो, सीरममधली थोडी घाणसुद्धा त्यांना पुरते.

आरएनए काढताना क्लोरोफॉर्मच्या आधी एकदा थंड फिरवून वरचा चरबीचा थर काढता ना? आणि संदर्भ जनुक (ज्याच्या तुलनेत बाकीची मोजतात ते) म्हणून जीएपीडीएच वापरलं असेल तर बदला. इन्सुलिन आणि चरबी भरणं या दोन्हींनी ते हलतं. आरपीएलपी-० आणि पीपीआयए आमच्याकडे बरे टिकतात, पण तुमच्या नमुन्यांत तपासूनच घ्या.

आता शेवटचा प्रश्न: माणसाच्या पोटावरच्या चरबीत हे घडतं का?

घडतं, पण डिशमधल्यासारखं नाही. आपण डिशमध्ये टीएनएफ नॅनोग्रॅममध्ये घालतो, बहुतेकदा मिलिलिटरला १०. रक्तात ते पिकोग्रॅममध्ये असतं, म्हणजे हजारपट कमी. पण मघाचा मुकुट आठवा. मेदपेशीला चिकटून बसलेले वीस-पंचवीस मॅक्रोफेज तिच्या अंगावर जे सोडतात त्याचं प्रमाण रक्तावरून कळत नाही. म्हणून मी असं समजतो की चरबीत हा परिणाम गल्लीगल्लीने होतो. मुकुटाला लागून असलेल्या पेशी बऱ्याच बदललेल्या, चार पेशी पलीकडच्या जवळजवळ जशाच्या तशा. डिशमध्ये सगळ्यांना एकदम एकसारखा डोस मिळतो. आणि माणसात हा डोस वर्षानुवर्षं चालतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्कामधल्या मंडळींनी २००८ मध्ये अणुचाचण्यांमधून हवेत गेलेल्या कार्बन-१४ वरून मोजलं होतं, की माणसाच्या शरीरातल्या मेदपेशींपैकी वर्षाला साधारण दहा टक्केच नव्याने बदलतात. म्हणजे एक मेदपेशी सरासरी दहा वर्षं जगते. २४ तासांच्या प्रयोगातून तिची दहा वर्षं वाचायची, तर थोडी नम्रता हवीच.

उंदरांवरून माणसावर उडी मारतानाही जपा. आयएल-८ उंदरात नाहीच. रेझिस्टिन उंदरात मेदपेशी बनवते, माणसात मुख्यतः मॅक्रोफेज. लिव्हरपूलच्या पॉल ट्रेहर्न यांच्या गटाने २००९ मध्ये मॅक्रोफेजच्या मीडियमने मानवी मेदपेशींची हजारो जनुकं एकदम तपासली, तेव्हा सर्वांत ठळकपणे वर आलेल्यांत एमएमपी-१ आणि एमएमपी-३ होती. ही पेशींभोवतीचं जाळं कापणारी एन्झाइम्स. म्हणजे सिग्नल मिळालेली मेदपेशी नुसती निरोप्याचं काम करत नाही, आपल्या आजूबाजूच्या भिंतीही पाडायला घेते. तुमच्याकडे सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) उरलं असेल तर ही दोन जनुकं जरूर बघा. उत्तर चटकन मिळेल आणि प्रकरणाला वजन येईल.

औषधांचा अनुभव तुम्ही विचारलेला नाही, पण परीक्षक विचारतील. उंदरांत टीएनएफ अडवून जे झालं ते माणसात इतकं सरळ झालं नाही. १९९६ मध्ये लठ्ठ मधुमेहींना टीएनएफविरोधी अँटिबॉडीचा एक डोस देऊन पाहिला, इन्सुलिनच्या कामात फरक पडला नाही. आयएल-१ बीटा अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅबच्या, दहा हजारांवर रुग्णांच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण नव्याने होणारा मधुमेह काही थांबला नाही. एक रस्ता अडवला तर गर्दी दुसऱ्याने जाते, असा मी त्याचा अर्थ लावतो. शिवाय थोडा दाह चरबीला लागतोच. २०१४ मध्ये फिलिप शेरर यांच्या गटाने उंदरांच्या मेदपेशींतला दाहाचा प्रतिसादच दाबला, तर चरबीला नीट वाढता येईना आणि ती यकृतात साठू लागली. म्हणून प्रबंधात 'हानिकारक सिग्नल' असा सरसकट शब्द मी तरी वापरू देणार नाही.

आणि परत येण्याबद्दल. बंद झालेलं नाही, तर सिग्नल काढल्यावर परत यायला हवं ना? डिशमध्ये बऱ्याच अंशी येतं. माणसात गोष्ट अर्धीच परत येते. २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएचमधून आलेल्या कामात शस्त्रक्रियेनंतर भरपूर वजन उतरलेल्या लोकांच्या चरबीतही जनुकांचे काही बदल टिकून राहिलेले दिसले, आणि उंदरांच्या मेदपेशींत त्याच्या खुणा क्रोमॅटिनवर, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांच्या गुंडाळीवर, सापडल्या. चौकीत माणसं परत आली तरी काही टेबलं हललेली राहतात.

आपल्याकडच्या नमुन्यांबद्दल एक सूचना. दाते निवडताना बीएमआयवर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला फोटो पाहिला असेल. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. आपल्याकडचा 'सडपातळ' दाता आणि युरोपातल्या लेखातला 'सडपातळ' दाता एकच धरलात तर तुमचा कंट्रोल गट सुरुवातीपासूनच वेगळा असतो. कंबरेचा घेर, आणि चरबी त्वचेखालची की पोटातली, हे प्रत्येक नमुन्यापुढे लिहा.

तर पुढचा प्रयोग मी असा करेन. एक दिवस स्टेरॉइडशिवाय, मग पाव भाग मॅक्रोफेज मीडियम, आणि १, २, ४, ८, २४ तासांना नमुने. अ‍ॅडिपोनेक्टिन दोन प्रकारच्या प्रायमरने (मोजायची प्रत ओळखणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) मोजा: नेहमीच्या, आणि इंट्रॉनवर, म्हणजे आरएनएतून पुढे कापून टाकल्या जाणाऱ्या भागावर, बसणाऱ्या. इंट्रॉनचे प्रायमर ताजा, अजून न कापलेला आरएनए मोजतात, म्हणजे जनुक या क्षणी किती चालू आहे ते. आधी बनून पडलेला आरएनए पेशीत काही काळ टिकतो, म्हणून नेहमीचे प्रायमर उशिरा बोलतात. डीएनए तोडणाऱ्या डीएनएजने नीट साफ करा, नाहीतर इंट्रॉनचे प्रायमर जीनोमिक डीएनएच मोजत बसतील. पहिल्या दोन तासांत इंट्रॉनचा आकडा पडला आणि पीपीएआर-गॅमाचं प्रथिन अजून जागेवर असेल, तर पहिला अंक तुम्हाला वेगळा सापडला. सोबत एका डिशमध्ये आयकेके अडवणारं रसायन घाला. त्याने आयएल-६ ची वाढ आणि अ‍ॅडिपोनेक्टिनची घट दोन्ही कमी झाल्या, तर गाईडना दाखवायला तुमच्याकडे एक स्वच्छ आलेख असेल.

दाते किमान तीन घ्या, तीन डिश म्हणजे तीन दाते नव्हेत. आणि मीडियमची कृती इथे सविस्तर टाका, विशेषतः शेवटच्या चार दिवसांत कॉर्टिसॉल होतं की नाही. ते कळल्याशिवाय तुमच्या आयएल-६ च्या आकड्यावर मी काही बोलणार नाही.